कोडिंगच्या क्लासची फी भरण्याआधी

मूल सहावीत गेलं की घरात एक विषय हटकून निघतो. शेजारच्यांचा पोरगा कोडिंगच्या क्लासला जातो, आपल्यालाही घालायला हवं का? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना कोडिंगची ओळख व्हावी, असं आलं. त्याच वर्षी लॉकडाऊन लागला, मुलं घरात बसली आणि मोबाइलवर जाहिरातींचा नुसता पूर आला. अमक्याच्या एवढ्याशा पोरानं अ‍ॅप बनवलं, तुमचं काय करतंय? आईबापाच्या मनात धाकधूक भरवली की फी आपोआप भरली जाते, हा धंद्याचा जुनाच हिशेब आहे.

मी स्वतः संगणक शिकवतो. तेव्हा ‘कसलं कोडिंग नि कसलं काय’ असं म्हणायला मी बसलेलो नाही. शिकवा, जरूर शिकवा. पण फी भरण्याआधी मुलाला एक झाड नेमून द्या. कुंडीतली तुळस चालेल, परसातली पपई चालेल, शाळेच्या कुंपणातला शेवगा चालेल. आणि क्लास लावलाच, तर शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना एवढंच विचारा: या वर्षात माझं मूल पडद्याबाहेरची कुठली खरी गोष्ट स्वतः मोजणार आहे?

संगणकाचा आणि झाडाचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. संबंध जवळचा आहे आणि तो मी ओढूनताणून जोडलेला नाही. संगणक कसा शिकवावा यावर डोकं खपवणारे आणि झाडं कशी वाढतात यावर डोकं खपवणारे गेली पन्नास-साठ वर्षं एकमेकांच्या अंगणात ये-जा करत आलेत.

१९६७ साली अमेरिकेत, बॉस्टनला खेटून असलेल्या केंब्रिजमध्ये, वॉली फर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी लहान मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, शिक्षणाने गणिती. जिनिव्हाला ज्याँ पियाजे यांच्या हाताखाली मुलांच्या विचारांचा अभ्यास करून आलेले. लोगोत पुढे एक कासव आलं. आधी जमिनीवर सरपटणारं यंत्र, मग पडद्यावरचं चिन्ह. त्याला सांगायचं, ‘दहा पावलं पुढे जा’, ‘नव्वद अंश उजवीकडे वळ’. जाता जाता ते रेघ काढतं. चार वेळा चाललं आणि वळलं की चौकोन. चुकलं तर मुलानं स्वतः उठायचं, कासव व्हायचं आणि वर्गात चालून बघायचं, कुठे वळलो आणि कुठे वळायला हवं होतं. आज अनेक शाळांच्या लॅबमध्ये लोगो शिकवतात ते ‘एफडी शंभर, आरटी नव्वद’ अशा आज्ञा पाठ करून. चालून बघणं मात्र वगळतात. लोगोचा सगळा जीव त्या चालण्यात होता.

त्याच सुमारास, १९६८ मध्ये, हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ आरिस्टिड लिंडेनमायर यांनी एक वेगळाच प्रश्न घेतला होता. शेवाळाचा धागा वाढतो तेव्हा कुठली पेशी केव्हा दुभंगते, हे नेमक्या नियमांत मांडता येईल का? पुढे हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठात त्यांनी हे काम वाढवलं. त्यांचा सगळ्यात सोपा नमुना कागदावर पाच मिनिटांत करून बघता येतो, म्हणून तो इथेच देतो. मुलाला जवळ घेऊन बसा.

पेशी दोन प्रकारच्या: मोठी ‘म’ आणि लहान ‘ल’. नियम दोनच. लहान पेशी पुढच्या वेळी मोठी होते. मोठी पेशी दुभंगून एक मोठी आणि एक लहान होते. सुरुवात एका लहान पेशीपासून करा. पहिली ओळ: ल. दुसरी: म. तिसरी: म-ल. चौथी: म-ल-म. पाचवी: म-ल-म-म-ल. सहावी: म-ल-म-म-ल-म-ल-म. एका ओळीतल्या सगळ्या पेशींना एकाच वेळी नियम लावायचा, ही मेख आहे. आता प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजा: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. सातव्या ओळीत किती येतील? मुलाला आधी अंदाज बांधू द्या, मग लिहून पडताळू द्या. तेरा येतील. ही फिबोनाचीची माळ, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. आपल्याकडे बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदांतल्या लघु-गुरूंच्या जुळण्या मोजताना हीच मांडली होती, तेव्हा नाव परकं वाटलं तरी आकडे आपल्या ओळखीचे आहेत.

अक्षरांच्या या ओळींचं झाड कसं करायचं, हा प्रश्न राहिला होता. तो प्रझेमिस्लाव प्रुसिंकिएविच या संगणकतज्ज्ञाने सोडवला. ते तेव्हा कॅनडात रेजायना विद्यापीठात होते. १९८६ मध्ये त्यांनी लिंडेनमायर यांची अक्षरमाळ थेट पॅपर्टच्या कासवाच्या हातात दिली. एक अक्षर म्हणजे पुढे जा, दुसरं म्हणजे डावीकडे वळ, तिसरं म्हणजे उजवीकडे. फांदी फुटायची तर कंस उघडायचा: ‘ही जागा लक्षात ठेव’. फांदी पुरी झाली की कंस मिटायचा: ‘लक्षात ठेवलेल्या जागी परत ये’. बस, एवढ्यावर पडद्यावर नेचे, झुडपं, फुलांचे तुरे उगवायला लागले. १९९० मध्ये दोघांच्या नावाने ‘द अल्गोरिदमिक ब्यूटी ऑफ प्लांट्स’ हे पुस्तक आलं. लिंडेनमायर आदल्याच वर्षी गेले होते. पुढे सिनेमांत आणि व्हिडिओ गेममध्ये उभी राहिलेली कितीतरी जंगलं याच रीतीवर वाढवलेली आहेत. पोरांसाठी केलेलं खेळणं वनस्पतिशास्त्राच्या कामाला आलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता थोडं पाणी ओतायची वेळ. लोगो शिकलं की मूल आपोआप शहाणं होतं, नीट आखणी करून कामं करतं, असा तेव्हा बोलबाला होता. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेज ऑफ एज्युकेशनमधल्या रॉय पी आणि मिडियन कुर्लंड यांनी ते तपासून पाहिलं. वर्षभर लोगो शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं, दोघांनाही वर्गातली आवराआवर कमीत कमी हेलपाट्यांत कशी उरकावी याचा आराखडा करायला दिला. लोगो शिकलेल्यांचा आराखडा काही सरस निघाला नाही. १९८४ मधली ही गोष्ट. ‘कोडिंगमुळे मुलाची बुद्धी तल्लख होते’ असं छापलेलं पत्रक उद्या तुमच्या हातात पडलं, तर हे आठवा. शिकवताना जोडून दिलं तर एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे जातं, सोडून दिलं तर जात नाही.

मोठ्यांची तरी काय कथा? २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले. ही मुलं प्रोग्रॅमिंगचा पहिला टप्पा पुरा केलेली, पास झालेली. ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. संगणक शिकवणाऱ्यांच्या दुनियेत या आकड्याने चांगलीच खळबळ उडाली. तीन वर्षांनी रेमंड लिस्टर आणि मंडळींनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांना वेगळंच विचारलं: लिहू नका, हा छोटा प्रोग्रॅम वाचा आणि शेवटी उत्तर काय येईल ते सांगा. तिथेही पुष्कळ जण अडखळले. ज्याला वाचता येत नाही त्याला लिहायला बसवलं जातंय, असा याचा अर्थ. त्यातूनच पुढे इंग्लंडमध्ये स्यू सेन्टन्स यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी ‘आधी भाकीत कर, मग चालवून बघ’ ही रीत पुढे आणली. प्रोग्रॅम समोर ठेवायचा, काय होईल ते मुलानं आधी वहीत लिहायचं, मगच बटण दाबायचं. क्लास निवडताना हे जरूर बघा. पहिल्या दिवसापासून मूल नुसतं बघून टाइप करत असेल, तर त्याची बोटं शिकताहेत.

इथे झाड कामाला येतं. भाकीत करायला, मोजायला आणि भाकीत चुकलं तर त्याच जागी परत जाऊन बघायला झाडाइतकं सोयीचं काही नाही. मांजर पळून जातं, पाऊस पडतो न पडतो, आणि धाकटी बहीण मोजू देत नाही. झाड जागेवर असतं, फुकट असतं आणि नियमाने वाढतं. मधूनच नियम मोडतंही, तेव्हा तर खरी मजा.

तुळशीची फांदी हातात घ्या. पानं जोडीजोडीने, समोरासमोर. त्यावरची जोडी आधीच्या जोडीला बरोब्बर आडवी. म्हणजे कासवाला सांगायचं: दोन पानं काढ, थोडं वर जा, नव्वद अंश फिर, पुन्हा तेच. रुईचंही असंच. मक्याचं किंवा ज्वारीचं ताट घ्या: एक पान इकडे, पुढचं तिकडे, म्हणजे दर पानाला एकशे ऐंशी अंश. आणि पपईला जा. पपईच्या खोडावर गळलेल्या पानांचे वण स्पष्ट उरतात, ते वाचायला मोठी माणसंसुद्धा थांबत नाहीत. एका वणावर सुतळीचं टोक धरा आणि खालून वर, ज्या क्रमाने पानं आली त्या क्रमाने, एकेका वणावरून सुतळी फिरवत न्या. पहिल्याच्या जवळपास डोक्यावर येणारा वण कितवा? साधारण आठ पानं पुढे गेल्यावर तो भेटतो आणि तोवर खोडाभोवती सुतळीच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. तीन आणि आठ. पुन्हा तीच माळ. तीन फेऱ्या भागिले आठ, म्हणजे दर पानाला १३५ अंश. सूर्यफुलात हा कोन १३७.५ अंशांच्या आसपास जातो. सातवीच्या मुलाला हा भागाकार येतो. त्याला तो कुठे वापरायचा, एवढंच आपण कधी सांगत नाही.

वहीत हे नियम साध्या मराठीत लिहिले की अर्धा प्रोग्रॅम झालाच. उरलेल्या अर्ध्यासाठी, पुढे मूल पायथॉनकडे वळलं, तर त्या भाषेतच ‘टर्टल’ नावाने ते कासव फुकट बसलेलं आहे. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

सूर्यफुलाचं निघालंच आहे तर अ‍ॅलन ट्युरिंगबद्दल सांगतो. आधुनिक संगणकशास्त्राचा पाया ज्यांनी घातला, त्यांत हे नाव पहिल्या रांगेतलं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत हा माणूस मँचेस्टरला संगणकापुढे बसून काय करत होता? तर सजीवांच्या अंगावर आकार कसे उमटतात आणि सूर्यफुलात, पाइनच्या बोंडांत हेच आकडे का येतात, याची गणितं. आकारांवरचा त्यांचा मोठा लेख १९५२ चा. पानाफुलांचं काम अर्धवट राहिलं. १९५४ मध्ये ते गेले.

त्यांच्या जन्मशताब्दीला, २०१२ मध्ये, मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयाने लोकांना आवाहन केलं: सूर्यफूल लावा आणि त्यातल्या बियांच्या वळणांच्या रांगा मोजून आम्हाला कळवा. शाळांनी लावली, आज्यांनी लावली, कुटुंबंच्या कुटुंबं कामाला लागली. ६५७ फुलांची माहिती जमली आणि २०१६ मध्ये त्यावर रीतसर शोधनिबंध निघाला. एका फुलात डावी आणि उजवी अशा दोन दिशांच्या रांगा, म्हणजे मोजण्याही दोन; त्यातल्या सगळ्यात भरवशाच्या होत्या ७६८. त्यांपैकी ५६५ फिबोनाचीचे आकडे निघाले. आणखी ६७ त्याच घराण्यातले, थोड्या वेगळ्या रचनेचे. बाकीचे? बाकीचे बसले नाहीत. काही फुलांत तर रांगा मोजताच येईनात, इतकी त्यांची वीण विस्कटलेली होती.

मला या अभ्यासाचं मोल वाटतं ते या न बसलेल्या फुलांमुळे. पुस्तकात छापलेलं असतं की सूर्यफुलात चौतीस आणि पंचावन्न. मूल मोजतं, तेहतीस येतात. मूल हळूच तेहतीसचे चौतीस करतं, बाई शाबासकी देतात, विषय संपतो. मँचेस्टरच्या मंडळींनी तेहतीसला तेहतीस राहू दिलं. मग त्यांना कळलं की माळेतल्या आकड्यापेक्षा एकाने कमी अशा मोजण्या, एकाने जास्त असलेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक आहेत. असं का व्हावं, हा नवा प्रश्न त्यातून मिळाला. खोडरबर फिरवला असता तर तो प्रश्नही पुसला गेला असता. म्हणून बाई-गुरुजींना माझी हात जोडून विनंती आहे: मोजणीच्या वहीत उत्तर पुस्तकाशी जुळलं म्हणून गुण देऊ नका. मोजलं कसं, ते विचारा.

माझं पोर काही शेतीशास्त्रज्ञ होणार नाही, मग ही उठाठेव कशाला, असं वाटत असेल तर आणखी एक गोष्ट ऐका. ही मोबाइल हातात असलेल्या प्रत्येकाच्या, विशेषतः शेतकऱ्याच्या कामाची आहे.

२०१६ मध्ये शारदा मोहंती, डेव्हिड ह्यूज आणि मार्सेल सलाते या तिघांनी पानांचे ५४,३०६ फोटो वापरून संगणकाला पिकांचे रोग ओळखायला शिकवलं. चौदा पिकं, सव्वीस रोग. शिकवताना बाजूला ठेवलेले त्याच संचातले फोटो दाखवले, तर संगणकाने ९९.३५ टक्के बरोबर ओळखले. हा आकडा जगभर गाजला. मग त्याच तिघांनी वेगळ्या परिस्थितीत, दुसऱ्यांनी काढलेले फोटो दाखवून पाहिले. अचूकता घसरून ३१ टक्क्यांच्या थोडी वर आली. हे त्यांनी लपवलं नाही, त्याच निबंधात लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा. पण बातम्यांत गेला तो पहिला आकडा.

असं का झालं? मूळ फोटो एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. शेतात पान तसं कुठे भेटतं? त्याच्यामागे दुसरी पानं, माती, सावली, आपलाच अंगठा. २०२२ मध्ये आणखी एकाने गंमतच केली. त्याच फोटोसंचातल्या प्रत्येक फोटोतून पार्श्वभूमीचे फक्त आठ ठिपके घेतले, पान संगणकाला दाखवलंच नाही, आणि त्यावरून रोग ओळखायला लावला. निव्वळ नशिबावर सोडलं असतं तर अडीच टक्क्यांच्या आसपास जमलं असतं. इथे ४९ टक्के बरोबर आले! म्हणजे संगणक पान बघून शिकला की पानाखालचा कागद बघून, याचीच शंका. प्रत्येक रोगाचे फोटो एका बैठकीत, एका उजेडात काढले की कागदाची छटासुद्धा रोगाचं नाव सांगू लागते.

तेव्हा फोटोवरून रोग सांगणारं अ‍ॅप वापरा, पण त्याचं म्हणणं अंदाज म्हणून घ्या. पान उलटून बघा, शेजारची चार झाडं बघा, बांधाकडचं बघा आणि मधलं बघा. फवारणीचा निर्णय कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. आणि ज्या मुलाला उद्या असलं अ‍ॅप लिहायचं आहे, त्याने आज शेतात जाऊन पान उलटून बघितलेलं असायला हवं. नाहीतर तोही कागदाची छटाच शिकवत बसेल.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एक खास घरचा धडा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचं काय केलं ते सांगायला नको. तेव्हापासून कामगंध सापळे बऱ्याच शेतांत आले. पाहणीसाठी हेक्टरी पाच सापळे लावायचे. त्यातल्या आमिषाच्या, म्हणजे ल्यूरच्या, वासाने नर पतंग येऊन अडकतात, ते मोजायचे. सापळ्यामागे रोज आठ पतंग, असं सलग तीन रात्री झालं की अळीने नुकसानीची पातळी ओलांडली असं समजायचं. हा नियम पाठ असलेले शेतकरी मला भेटतात. त्यांच्या पोरांना मी एक गणित घालतो: सहा रात्रींचे सरासरी पतंग आले ९, ८, ५, १०, ८, ११. पातळी कितव्या रात्री ओलांडली?

निम्मी पोरं चौथ्या रात्री म्हणतात, कारण तोवर आठ किंवा जास्त असं तीन वेळा होऊन गेलेलं असतं. काही जण सगळ्यांची सरासरी काढतात, साडेआठ येते, आणि ‘हो, ओलांडली’ म्हणून मोकळे होतात. उत्तर सहावी रात्र. तिसऱ्या रात्री पाच आले, तिथे मोजणी पुन्हा शून्यावर. ‘सलग’ या अटीसाठी एक आकडा मनात धरायचा, अट मोडली की शून्य करायचा, पाळली की एकाने वाढवायचा. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षात विद्यार्थी जिथे हमखास ठेचकाळतात, ती जागा हीच. कपाशीच्या शेतात ती अट वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या पोराला मात्र लगेच उमगते. बोंडअळी लागलेल्या डोमकळ्या वेचायला जाणारं पोर कोडिंगमध्ये मागे पडेल, ही भीती मनातून काढून टाका. त्याच्याकडे उदाहरणं जास्त आहेत.

घरात संगणक नाही, मोबाइल एकच आणि तोही बाबा कामावर नेतात, अशी घरं पुष्कळ. त्यांनाही जमतील असे ‘बिनसंगणकाचा संगणक’ शिकवायचे खेळ न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तयार केले, ते जगभर वापरले जातात. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. कागद, पत्ते, खडू यांवर चालणारे धडे शिक्षकांना तिथे मिळतात. शिक्षकांनी ते बघावेत आणि आपल्या गावच्या झाडांची उदाहरणं त्यात घालावीत.

मुख्याध्यापकांना एक सांगणं. पोषण आहारासाठी म्हणून बऱ्याच शाळांनी परसबाग केली आहे. भेंडी, चवळी, पालक, शेवगा. ती बाग तपासणीच्या दिवसापुरती हिरवी ठेवू नका. आठवड्यातला संगणकाचा एक तास तिथे नेऊन द्या. लॅबमधले निम्मे संगणक नाहीतरी बंदच असतात, तेव्हा फार काही बुडणार नाही. चवळी पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत शेंगेला येते, म्हणजे एका सत्रात मुलांना बी ते बी असा पूर्ण फेरा मिळतो. विज्ञानाच्या बाईंनी आणि संगणकाच्या सरांनी मिळून तो तास घ्यावा. दोघांचं पटत नसेल तर आधी चहा घ्यावा.

घरी करायचं ते असं. एक साधी शंभरपानी वही घ्या, महाग नको, नाहीतर मूल ती जपूनच ठेवतं. रकाने आखा: तारीख, वेळ, काय मोजलं, आकडा, कोणी मोजलं, काही वेगळं दिसलं का. आठवड्याला दोनदा पुरे. रोजचा धोशा लावलात तर पंधरा दिवसांत वही दिसेनाशी होईल. दर वेळी मोजायच्या आधी अंदाज पेन्सिलने आणि मोजलेला आकडा पेनने लिहायचा. पेनने लिहिलेलं खोडायचं नाही. शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळं मोजावं, एकमेकांची वही न बघता. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर कोण बरोबर यावर भांडण होईल, होऊ द्या. मग दोघांना मिळून एक नियम लिहायला लावा: किती मोठं झालं म्हणजे ते पान धरायचं? अर्धं किड्याने खाल्लेलं मोजायचं की नाही? पिवळं पडून लटकतंय त्याचं काय? नियम लिहून झाला की ती वही तिसऱ्या मुलाला द्या आणि त्याला, एक शब्दही जास्त न सांगता, तेच झाड मोजायला पाठवा.